आधी राजा, आधी साल: कोरियन ऐतिहासिक मालिका मिळून पाहणाऱ्या नवख्यांसाठी

कोरियन ऐतिहासिक मालिकांना कोरियात 'सागुक' म्हणतात आणि आपल्याकडच्या चाहत्यांच्या बोलण्यातही आता तोच शब्द रुळला आहे. सागुक हौसेनं सुरू करणारे बरेच जण तिसऱ्या-चौथ्या भागाशी अडकतात. दरबार भरलेला असतो, पंधरा माणसं एकसारख्या काळ्या टोप्या घालून उभी असतात, एकाच माणसाला तीन वेगवेगळ्या नावांनी हाक मारली जाते आणि कोण कोणावर चिडलंय हेच कळेनासं होतं. यावर उपाय सोपा आहे. पहिला भाग लावण्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहून घ्यायच्या: राजा कोणता आणि साल कोणतं. ग्रुपमध्ये गप्पा मारतानाही हेच दोन धागे उपयोगी पडतात, कारण त्यावरून समोरच्याला तुम्ही कुठल्या काळातल्या, कुठल्या दरबाराबद्दल बोलताय ते लगेच समजतं.

पायरी १: काळाची पट्टी

एका कोऱ्या कागदावर आडवी रेघ मारा आणि तिच्यावर एवढेच टप्पे लिहा.

तीन राज्यांचा काळ: गोगुर्यो, बेक्चे आणि शिल्ला. इसवी सनाच्या आधीपासून ते इ. स. ६६८ पर्यंत. 'जुमोंग' आणि 'क्वीन सोंदोक' या मालिका इथल्या.

गोर्यो: ९१८ ते १३९२. बौद्ध धर्माचा प्रभाव, उत्तरेकडून खितान आणि नंतर मंगोल आक्रमणं. 'कोरिया-खितान वॉर' आणि 'एम्प्रेस की' इथल्या.

जोसन: १३९२ ते १८९७. एकच ई घराणं, कन्फ्यूशियसच्या विचारांवर उभा राहिलेला दरबार. राजे २६, आणि त्यापुढच्या साम्राज्याच्या काळातला शेवटचा सुनजोंग धरून २७. तुम्हाला दिसणाऱ्या बहुतेक मालिका याच काळातल्या असतात.

कोरियन साम्राज्य: १८९७ ते १९१०. त्यानंतर जपानी राजवट. 'मिस्टर सनशाइन' या उंबरठ्यावरची.

जोसनचा पट्टा मोठा आहे, म्हणून त्यावर आणखी चार खुणा करा. १४४६ साली सेजोंग राजानं कोरियन लिपी जाहीर केली. १५९२ ते १५९८ या काळात जपानी स्वारी झाली, तिला इमजिन युद्ध म्हणतात. १६३६ च्या हिवाळ्यात मांचूंची स्वारी झाली. १७६२ साली योंगजो राजाचा मुलगा, युवराज सादो याला तांदळाच्या पेटाऱ्यात कोंडून मारण्यात आलं. या चार घटनांची सावली जोसनच्या निम्म्याहून अधिक मालिकांवर असते.

मराठी वाचकाला सालं लक्षात ठेवायला दोन सोयी आहेत. सुकजोंग राजा गादीवर आला ते साल १६७४, म्हणजे शिवराज्याभिषेकाचं. सादोचा मृत्यू पानिपतच्या पुढच्या वर्षीचा. सुकजोंगच्या राण्यांच्या भांडणांवर आणि सादोच्या घराण्यावर इतक्या मालिका निघाल्या आहेत की या दोन तारखा पाठ असल्या तरी बरंच काम होतं.

घटनांच्या नावांमुळे एक गोंधळ होतो. कोरियात घटनेला वर्षाचं नाव देतात आणि वर्षांची नावं साठ वर्षांच्या चक्रात फिरतात, जशी आपल्या पंचांगात संवत्सरं फिरतात. त्यामुळे 'इमो' वर्ष १७६२ लाही येतं आणि १८८२ लाही. पहिलं सादोच्या मृत्यूचं, दुसरं सैनिकांच्या बंडाचं. कोणी नुसतं 'इमोची घटना' लिहिलं तर कोणत्या राजाच्या काळातली, हे आधी विचारा. तारखांचंही तसंच. जुन्या नोंदी चांद्र पंचांगानुसार आहेत, म्हणून एकाच घटनेच्या दोन तारखा सापडतात आणि दोन्ही बरोबर असतात.

पायरी २: पहिली मालिका

सागुकचे ढोबळमानानं तीन प्रकार पडतात. पहिला खऱ्या राजकारणावर आधारलेला, भारदस्त भाषेतला. दुसऱ्यात राजा आणि काळ खरे, पण प्रेमकथा किंवा नायकाचा बराचसा प्रवास रचलेला. तिसऱ्यात कपडे आणि वाडे जोसनचे, पण राजा पूर्णपणे काल्पनिक. कुठल्या प्रकारची मालिका लावतोय हे ठाऊक नसलं की निम्मे वाद तिथूनच सुरू होतात. 'द मून एम्ब्रेसिंग द सन'मधला राजा इतिहासात शोधत बसाल तर सापडणार नाही, कारण तो नव्हताच.

आमची शिफारस 'द रेड स्लीव्ह'पासून सुरुवात करण्याची. भाग १७, राजा खरा (जोंगजो, कारकीर्द १७७६ ते १८००), मुख्य पात्रं मोजकी, आणि दासींचं जग आतून दिसतं. राणीवशाचं राजकारण आवडत असेल तर 'अंडर द क्वीन्स अम्ब्रेला' घ्या. तिचे १६ भाग आहेत, राजा काल्पनिक आहे, पण पदं, शिष्टाचार आणि राजपुत्रांचं शिक्षण छान समजतं. युद्ध आणि विरह हवा असेल तर १६३६ च्या स्वारीवरची 'माय डिअरेस्ट', भाग २१. तिच्या उत्तरार्धात कैदी म्हणून नेलेल्या माणसांचे हाल आहेत, तो भाग सलग पाहणं जड जातं.

लांब मालिकांची भीती वाटत नसेल तर ई ब्योंग-हून या दिग्दर्शकाच्या मालिका नवख्यांना फार सोयीच्या. 'हो जुन', 'दे जांग गुम' (५४ भाग), 'ई सान' (७७ भाग) आणि 'दोंग ई' (६० भाग) या त्यांच्याच. खालच्या थरातलं किंवा संकटात सापडलेलं माणूस, दर तीन-चार भागांत एक कोडं, आणि प्रत्येक कोड्यातून दरबाराचं एक नवं खातं उलगडतं: कधी स्वयंपाकघर, कधी औषधालय, कधी चित्रशाळा. प्रेक्षकाला न शिकवता शिकवण्याची ही हातोटी दुसऱ्या कोणाकडे इतकी सहज नाही. 'दे जांग गुम' पूर्वी दूरदर्शननं हिंदीत दाखवली होती, त्यामुळे घरातल्या मोठ्यांपैकी कुणाला ती आठवतही असेल.

पहिल्या फेरीत टाळाव्यात अशा मालिकाही आहेत. 'सिक्स फ्लाइंग ड्रॅगन्स' (५० भाग) अप्रतिम आहे, पण गोर्योचा शेवट आणि जोसनची सुरुवात यांची थोडी माहिती नसेल तर पहिले दहा भाग नुसते धावपळीचे वाटतात. तिच्या लेखकद्वयीचीच 'ट्री विथ डीप रूट्स' (२४ भाग) आधी बनली, पण तिची कथा नंतरची, सेजोंगच्या काळातली. दोन्ही पाहायच्या असतील तर बनल्या त्या क्रमानं पाहा. नंतरच्या मालिकेत पेरलेले दुवे तेव्हाच कळतात.

भागांच्या संख्येत एक फसवणूक आहे. २०१७ नंतरची काही वर्षं कोरियातल्या मोठ्या वाहिन्या मध्ये जाहिरात घेण्यासाठी एका भागाचे दोन तुकडे करून दाखवत. त्यामुळे 'रूकी हिस्टोरियन गू हे-र्योंग' कुठे ४० भागांची दिसते, कुठे २० ची. मालिका तेवढीच आहे. ग्रुपमध्ये निम्मे लोक एका ठिकाणी आणि निम्मे दुसऱ्या ठिकाणी पाहत असतील तर 'भाग १२' म्हणजे दोन वेगळ्या जागा होतात आणि नको ते आधीच फुटतं. पहिल्याच दिवशी भागाची लांबी विचारून घ्या: साधारण ३५ मिनिटं की ६० ते ७०.

पायरी ३: नावांचा तक्ता

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, इथे घाई करू नका.

जोसनच्या राजाला आपण ज्या नावानं ओळखतो ते नाव त्याला मेल्यावर मिळतं. सेजोंगला जिवंतपणी कोणी सेजोंग म्हटलं नाही. त्याचं स्वतःचं नाव ई दो, आणि राजा झाल्यावर तेही उच्चारणं निषिद्ध. त्याआधी तो राजपुत्र म्हणून तिसऱ्याच नावानं ओळखला जाई. म्हणजे एका माणसाची किमान तीन नावं: जन्मनाव, राजपुत्राची पदवी, मरणोत्तर नाव. 'ई सान' ही मालिका आणि जोंगजो राजा एकच, हे बऱ्याच जणांना चाळीस भाग पाहूनही कळलेलं नसतं.

मरणोत्तर नाव 'जो' किंवा 'जोंग'वर संपतं. 'गुन'वर संपणारे दोनच राजे आहेत, योनसानगुन आणि ग्वांगहेगुन. दोघांना पदच्युत केलं, म्हणून त्यांना राजाचं नाव मिळालंच नाही, राजपुत्राची पदवीच कायम राहिली. मालिकेच्या वर्णनात यांपैकी एखादं नाव दिसलं तर शेवटी सत्तापालट होणार हे धरून चला. सेजोंग आणि सेजो, योंगजो आणि जोंगजो या जोड्या हमखास चुकतात. पहिल्या जोडीत दुसरा हा पहिल्याचा मुलगा, पुतण्याची गादी बळकावणारा. दुसऱ्या जोडीत आजोबा आणि नातू.

तक्ता असा करा. पाच रकाने: चेहरा (अभिनेत्याचं नाव), जन्मनाव, आत्ताचं पद, कोणाचा माणूस, आणि पद बदललं तर कितव्या भागात. पहिल्या चार भागांत बारापेक्षा जास्त माणसं लिहू नका. जो दोनदा बोलला नाही त्याला जागा द्यायची नाही. चौथ्या भागानंतर यादी पुन्हा पाहा, दोन-तीन नावं आपोआप गळतात आणि दोन-तीन नवी येतात.

पुष्कळ सागुकचे सुरुवातीचे भाग पात्रांच्या लहानपणीचे असतात आणि मग एकदम कलाकार बदलतात. तिथे नवखा माणूस हरवतो. म्हणून चेहऱ्याच्या रकान्यात बालकलाकार आणि मोठा कलाकार दोघांची नावं आधीच लिहा.

नातीही वयावरून ओळखायला जाऊ नका. योंगजोनं १७५९ साली दुसरं लग्न केलं तेव्हा तो साठीच्या पुढे होता आणि राणी जोंगसुन कोरियन मोजणीनं जेमतेम पंधराची. त्यामुळे ती जोंगजोची सावत्र आजी, पण त्याच्या आईपेक्षा दहा वर्षांनी लहान. 'द रेड स्लीव्ह'मध्ये तरुण बाईपुढे युवराज का वाकतो, याचं उत्तर हे आहे. शिवाय जुन्या कोरियन पद्धतीत जन्मताच मूल एक वर्षाचं धरतात आणि नववर्षाला सगळ्यांचं वय वाढतं. सबटायटलमधलं 'पंधरा' म्हणजे आपल्या हिशेबानं तेरा किंवा चौदा.

पायरी ४: कोण कोणाला काय म्हणतं

कोरियन येत नसली तरी ही हाक ऐकायला शिका. हाक ओळखता आली की सबटायटल चुकलं तरी माणूस चुकत नाही.

जोसनच्या राजाला 'जोनहा'. सम्राटाला 'प्येहा'. युवराज म्हणजे 'सेजा', आणि त्याला हाक 'जोहा'. राणी 'जुंगजोन', राजाची आई किंवा आधीच्या राजाची राणी 'देबी', तिच्याही वरची पिढी 'देवांगदेबी'. या बायकांच्या पदापुढे 'मामा' लागतं, ते आदराचं आहे, नात्याचं नाही. राणीचा मुलगा 'देगुन', इतर बायकांचा मुलगा 'गुन'. तसंच मुलींचं, 'गोंगजू' आणि 'ओंगजू'. एवढ्या एका अक्षरावर वारसाहक्काची भांडणं उभी असतात.

'प्येहा' आणि 'जोनहा' यांतला फरक काळ सांगतो. गोर्योच्या सुरुवातीच्या राजांना 'प्येहा' म्हणत, म्हणून 'कोरिया-खितान वॉर'मध्ये ते ऐकू येतं. मंगोलांच्या दडपणाखाली पदं एक पायरी खाली आली आणि जोसननंही तीच ठेवली. १८९७ साली गोजोंगनं स्वतःला सम्राट जाहीर केल्यावर 'प्येहा' परत आलं.

राजाच्या इतर बायकांच्या आठ पायऱ्या आहेत. सर्वांत वर 'बिन', सर्वांत खाली 'सुग्वोन'. दासी म्हणून आलेली स्त्री सुग्वोनपासून चढत बिनपर्यंत पोचते, ही 'दोंग ई'ची चौकट आणि ती खरीच घडलेली. तिची प्रतिस्पर्धी जांग ही-बिन तर राणीपदापर्यंत पोचली, १६९४ साली पुन्हा बिन झाली आणि १७०१ साली तिला विष देण्यात आलं. काम करणाऱ्या स्त्रियांत 'नाइन' म्हणजे दासी आणि 'सांगगुंग' म्हणजे वरिष्ठ दासी. सांगगुंग हे त्यांच्या नोकरीतलं वरचं टोक, त्यापुढे फक्त राजाची मर्जी.

दरबारात तीन मोठे मंत्री: योंगइजोंग सर्वांत वर, मग डावा, मग उजवा. डावा उजव्यापेक्षा वरचा, हे लक्षात ठेवा. त्यांच्या खाली सहा खाती: नेमणुका, महसूल, विधी-परीक्षा, सैन्य, न्याय आणि बांधकाम. मोठ्या मंत्र्याला हाक 'देगाम', त्याखालच्याला 'योंगगाम', साध्या अधिकाऱ्याला 'नाउरी'. वेगळं खातं म्हणजे 'उइगुम्बू', राजद्रोहाची चौकशी करणारं. मालिकेत खुर्चीला बांधून छळ दिसला तर बहुधा इथलंच अंगण.

दोन वाक्यं पहिल्या आठवड्यातच ओळखीची होतील. सगळे मंत्री एका सुरात 'थोंगचोक-हायो जुशिओप्सोसो' म्हणाले की ते राजाला फेरविचाराची विनंती करतात, म्हणजे खरं तर त्याला अडवतात. 'सोंगउनी मांगगुक-हाओम्निदा' म्हणजे राजाच्या कृपेबद्दल कृतज्ञता, आणि ती शिक्षा झाली तरी म्हणावी लागते.

कपडे एवढेच पाहा: दरबारी झग्याचा रंग साधारणपणे वरच्यांना लाल, मधल्यांना निळा, खालच्यांना हिरवा. छातीवरच्या चौकोनात बगळ्यासारखा क्रौंच असेल तर मुलकी अधिकारी, वाघ असेल तर लष्करी. उत्तर जोसनमध्ये दोन प्राणी म्हणजे वरचा दर्जा, एक म्हणजे खालचा. मोकळी वेणी अविवाहित मुलीची, मानेवर अंबाडा आणि आडवा काटा विवाहितेचा.

पायरी ५: सबटायटल

मराठी सबटायटल क्वचितच मिळतात, हिंदी डबिंग बऱ्याच मालिकांना आहे. पण सागुकपुरता आमचा सल्ला मूळ आवाज आणि इंग्रजी सबटायटल असाच राहील, कारण डबिंगमध्ये वरच्या सगळ्या हाका 'महाराज' आणि 'हुजूर'मध्ये विरघळतात. नेटफ्लिक्सवरची सबटायटलं वाचायला सोपी असतात, पण पदं बरीच सपाट करतात. विकी (Viki) या मालिका दाखवणाऱ्या संकेतस्थळावर चाहते स्वयंसेवक भाषांतर करतात आणि सहसा मूळ पदं तशीच ठेवतात, कधी कंसात खुलासाही देतात. तिथे चित्रावर सरकणाऱ्या प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया पहिल्या वेळी बंद करा. दुसऱ्यांदा पाहणारे लोक तिथे पुढचं सांगून टाकतात.

कुठली मालिका कुठे आहे हे देशागणिक बदलतं आणि हक्क संपले की ती गायबही होते. ग्रुपमध्ये एखादी मालिका ठरवण्याआधी प्रत्येकानं आपल्या देशातून ती दिसते का ते तपासावं. पुण्यात दिसणारी न्यू जर्सीत दिसेलच असं नाही. जुन्या मालिकांचे भाग कोरियन वाहिन्यांच्या अधिकृत यूट्यूब चॅनेलवर शोधा. शोधताना इंग्रजी स्पेलिंगवर विसंबू नका, एकाच आडनावाची तीन स्पेलिंग चालतात. विश्वकोशाच्या पानावरून कोरियन लिपीतलं नाव उचलून शोधपट्टीत टाकलं की नेमकं सापडतं.

पायरी ६: मिळून पाहणं

सहा ते दहा जणांचा ग्रुप पुरतो. त्याहून मोठ्या ग्रुपमध्ये बोलणारे चार आणि वाचणारे चाळीस अशी स्थिती होते. १६-१७ भागांच्या मालिकेला आठवड्याला दोन भाग, म्हणजे दोन महिने. ५४ भागांच्या मालिकेला आठवड्याला चार, म्हणजे साडेतेरा आठवडे. दर पाचवा आठवडा मोकळा ठेवा. परीक्षा, गणपती, दिवाळी, कोणाचं तरी काही ना काही असतंच, आणि मागे पडलेला माणूस मोकळ्या आठवड्याशिवाय परत येत नाही. लांब मालिकांचा मधला भाग मंदावतो हेही आधीच सांगून ठेवा. लोकप्रिय झालेल्या मालिकांचे भाग वाढवले जात, 'जुमोंग' ६० वरून ८१ वर गेली. त्या मधल्या पट्ट्यात आठवड्याला एक भाग जास्त घेतला तर ग्रुप टिकतो.

चालू मालिका प्रक्षेपणाबरोबर पाहायची असेल तर वेळेचं गणित असं: भारत कोरियाच्या साडेतीन तास मागे. कोरियात रात्री ९:५० म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी ६:२०. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात त्याच दिवशी सकाळी ८:५०, हिवाळ्यात ७:५०. कोरियात आणि भारतात घड्याळ बदलत नाही, अमेरिका-युरोपात बदलतं, म्हणून मार्चमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हमखास कोणीतरी तासभर चुकतं. सबटायटल यायला काही तास लागू शकतात, तेव्हा चर्चेची वेळ दुसऱ्या दिवशीची ठेवलेली बरी. एकाच वेळी 'प्ले' दाबून पाहणार असाल तर मिनिट-सेकंद सांगा, 'आत्ता बघा' नको. एखाद्याला जाहिरात लागली की तो मागे पडतो.

आता स्पॉइलरचा प्रश्न, आणि सागुकमध्ये तो वेगळाच आहे. सादो कसा मेला हे प्रत्येक कोरियन माणसाला शाळेपासून माहीत असतं. मालिका ते गुपित म्हणून ठेवतच नाही, उलट प्रेक्षकाला माहीत आहे असं धरून पुढची वाक्यं रचते. पण लातूरच्या किंवा मडगावच्या नव्या प्रेक्षकाला ते माहीत नसतं. म्हणून दोन वेगळ्या खुणा ठेवा. मालिकेतल्या घटनेला 'भाग ९ पर्यंत', आणि इतिहासातल्या घटनेला 'इतिहास, १७६२'. ज्याला इतिहास आधी नको आहे त्यानं दुसरी खूण दिसली की वाचायचं नाही. टेलिग्राम आणि डिस्कॉर्डवर मजकूर झाकता येतो. व्हॉट्सअॅपवर खूण पहिल्या ओळीत टाका आणि मग मजकूर खाली ढकला, कारण सूचनेत पहिली ओळ दिसतेच. फोटोला हा नियम जास्त कडक लावा. विषाचा वाडगा हातात घेतलेल्या राणीचं एक चित्र वीस भाग फोडतं.

पायरी ७: खरं काय, रचलेलं काय

चर्चा इथे सर्वांत रंगते आणि इथेच भांडणंही होतात. पहिला आधार 'जोसन वांगजो शिल्लोक', म्हणजे राजांच्या कारकिर्दींची दरबारी बखर. थेजोपासून चोल्जोंगपर्यंत २५ राजे, ४७२ वर्षं. १९९७ साली युनेस्कोच्या 'मेमरी ऑफ द वर्ल्ड' यादीत तिचा समावेश झाला. राजा मेल्यावरच ती लिहिली जाई आणि जिवंत राजाला कच्च्या नोंदीही पाहता येत नसत. १४०४ साली थेजोंग शिकारीत घोड्यावरून पडला आणि म्हणाला, इतिहासकाराला कळू देऊ नका. इतिहासकारानं पडणंही लिहिलं आणि हे वाक्यही. संपूर्ण ग्रंथ आधुनिक कोरियन भाषांतरासह इंटरनेटवर मोफत आहे. ब्राउझरच्या भाषांतरानं पान वाचता येतं, पण नावं आणि पदं त्यात बिघडतात, तेव्हा त्यावरून उतारा म्हणून काही टाकू नका, आशय सांगा.

तपासताना तीन प्रश्न पुरतात. माणूस होता का? असला तर नोंदीत काय आहे? मालिकेनं त्यात काय भरलं? जांग-गुमचं उदाहरण घ्या. जुंगजोंग राजाच्या काळातल्या नोंदींत या नावाची वैद्य स्त्री मोजक्या ठिकाणी येते आणि राजाचा तिच्यावर विश्वास होता हे दिसतं. तिचं स्वयंपाकघरातलं आयुष्य मालिकेनं रचलं. 'क्वीन सोंदोक'मधली मिशील ज्या हस्तलिखितातून आली त्याच्या खरेपणावरच अभ्यासकांत वाद आहे. 'एम्प्रेस की'मध्ये आधी खऱ्या राजाचं पात्र ठरलं होतं, टीका झाल्यावर त्याच्या जागी वांग यू हा काल्पनिक राजा आणला. हे माहीत असलं तरी मालिकेची गोडी कमी होत नाही. 'खोटी आहे' म्हणून नव्या माणसाचा विरस करणाऱ्याला ग्रुपमध्ये प्रेमानं थांबवा.

वाड्यांवरूनही काळ तपासता येतो. ग्योंगबोकगुंग १५९२ साली जळाला आणि १८६७ पर्यंत पुन्हा उभा राहिला नाही. मधली पावणेतीनशे वर्षं राजे प्रामुख्यानं चांगदोकगुंगमध्ये आणि इतर वाड्यांत राहत. म्हणून सुकजोंग किंवा जोंगजोच्या मालिकेत ग्योंगबोकगुंगचं दिवाणखान्याचं दालन दिसलं तर ती चित्रीकरणाची सोय आहे.

कोरियन चाहत्यांशी बोलताना एक गोष्ट जपा. कपडे, जेवण, वाडे यांना 'चायनीजसारखं' म्हणू नका. हा त्यांच्यासाठी दुखरा विषय आहे. मार्च २०२१ मध्ये 'जोसन एक्झॉर्सिस्ट' ही मालिका दोन भागांनंतर कायमची बंद झाली. त्यामागे चिनी पद्धतीचे खाद्यपदार्थ आणि सजावट, तसंच खऱ्या राजांचं चित्रण यांवरून उसळलेला संताप होता, आणि जाहिरातदारही निघून गेले. विचारायचंच असेल तर 'ही वस्तू कोणत्या काळातली?' असं विचारा. लोक आनंदानं सांगतात, कधी संग्रहालयातल्या वस्तूचा फोटोही पाठवतात.

पहिली मालिका संपल्यावर

सुटी सुटी मालिका उचलण्यापेक्षा एकाच घराण्याची साखळी धरा. 'दोंग ई'मध्ये सुकजोंग राजा, आणि योंगजोची आई दोंग ई. 'हेची'मध्ये तरुण योंगजो (२४ भाग, अर्धे तुकडे मोजले तर ४८). 'ई सान' किंवा 'द रेड स्लीव्ह'मध्ये म्हातारा योंगजो आणि त्याचा नातू जोंगजो. 'लव्ह इन द मूनलाइट'मध्ये (१८ भाग) जोंगजोच्या नातवावर बेतलेला युवराज, बराचसा कल्पनेनं रंगवलेला. 'दोंग ई' झाल्यावर 'जांग ओक-जोंग' ही २४ भागांची मालिका जरूर लावा. तोच राजा, त्याच राण्या, पण गोष्ट ही-बिनच्या बाजूनं सांगितलेली आहे. त्या आठवड्यात ग्रुपचे दोन गट पाडा, एकानं एका राणीची बाजू मांडायची, दुसऱ्यानं दुसरीची, आणि प्रत्येक दाव्यापुढे 'मालिका' की 'शिल्लोक' हे लिहायचं. 'दोंग ई'साठी केलेला नावांचा तक्ता त्यासाठी जपून ठेवा, फक्त 'कोणाचा माणूस' हा रकाना पुसून नव्यानं भरावा लागेल.